गेर्लिंगेनच्या पिनकोडवर व्हॉलीबॉल

कुठलाही फॉर्म समोर आला की काका आधी चष्मा पुसायचे, मग पेनाचं टोपण काढायचे आणि म्हणायचे, "विचारलंय तेवढंच, आणि खरं तेच."

मंडळी, प्रामाणिक माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण जर्मनीत, गेर्लिंगेनला आमच्या शेजारी राहणारे हे काका म्हणजे त्यातले हत्ती. दातांच्या डॉक्टरकडे 'सध्या कुठे दुखतं का?' या प्रश्नापुढे त्यांनी 'डावा गुडघा, जिना उतरताना' असं लिहिलं होतं. अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म तर दोन वर्षं अर्धाच पडला होता. 'पाच वर्षांत कोणत्या देशांत गेलात?' आता जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये पसरलेल्या बोडनझे तळ्यात पोहताना आपण स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरलो होतो का, हे त्यांना ठरवता येईना. हद्द नेमकी कुठे, हे विचारायला त्यांनी तीन देशांना पत्रं लिहिली. तीन उत्तरं आली, तिन्ही वेगळी. यातलं फार तर एक मी वाढवलं असेल.

पण त्यापायी अडकली होती लेकीची मॅच. त्यांची एकुलती एक लेक तिकडे अमेरिकेत, उत्तरेकडच्या एका कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये होती. तीन वर्षं बाकावर काढल्यावर शेवटच्या वर्षी तिला अधूनमधून सर्व्हिसपुरतं उतरवायला लागले होते. काकांनी तिला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. फोनवर काका मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. एकदा म्हणाली, "पापा, हास्ट दू काइने त्साइट?" बाबा, तुला वेळ नाही का? काका दोन दिवस तो अर्धा फॉर्म पुढ्यात घेऊन बसले.

मग मी मध्ये पडलो. कॉलेजचे सामने दाखवणारी सेवा जर्मनीत दिसत नव्हती, म्हणून इंटरनेट अमेरिकेवरून वळसा घालून आणायची व्यवस्था केली. कशी ते विचारू नका. काकांनीही विचारलं नाही, कारण त्या सेवेच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

रकाना होता पिनकोडचा.

"काका, लेकीच्या कॉलेजचा टाका."

"तिथे ती राहते. विचारलाय माझा." आणि मी हात धरायच्या आत त्यांनी गेर्लिंगेनचा पिनकोड टाकला. इथला पाच आकडी, तिथलाही पाच आकडी! ॲपनं आनंदानं स्वीकारला आणि काकांना अमेरिकेच्या पार दक्षिणेकडच्या एका घामट गावात नेऊन बसवलं. तिथल्या कॉलेजचे सगळे सामने खुले. लेकीचे? 'आपल्या भागात उपलब्ध नाही.' गाव बदलायची सोय वर्षातून एकदाच.

"बदलायचं कशाला? पत्ता खराच दिलाय," काका म्हणाले, आणि त्या परक्या पोरींचे सामने बघायला लागले. महिनाभरात ते पक्के गावकरी! चौदा नंबरची पोरगी अंगावर आलेला चेंडू घेताना वाकत नाही, याचा घोर त्यांना लागला. "अगं, तिला कोणी सांगत कसं नाही?"

"अहो, आधी आपली बघा," काकू म्हणायच्या.

आणि वेळापत्रकात ती दिसली! हंगामाचा शेवटचा सामना: लेकीची टीम पाहुणी म्हणून त्याच घामट गावात. रविवारी, आपल्याकडे संध्याकाळचे आठ. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मीही जाऊन बसलो.

कॅमेरा यजमानांचा. लेकीच्या टीमचा बाक चौकटीच्या जरासा बाहेर. काका टीव्हीच्या बाजूला जाऊन भिंतीला गाल लावून आत डोकावायला लागले. मी हसलो, मग दोन मिनिटांनी दुसऱ्या बाजूनं मीही डोकावलो.

शेवटच्या सेटमध्ये शिटी वाजली. लेकीची लांब वेणी उठून मैदानात आली, चेंडू हातात घेऊन रेषेमागे उभी राहिली.

आणि पडद्यावर पाटी आली. खाली त्या गावाचं नाव. 'तुम्ही अजून इथेच राहता ना? हो / नाही.'

काकांनी चष्मा काढला. पुसायला लागले.

"अहो, दाबा!" काकू.

"काका, ती चेंडू आपटतेय!" मी.

"पण मी तिथे..."

पाटीमागे लेकीचा हात वर गेला. काकांनी चष्मा नाकावर चढवला, आणि दाबलं. हो.

पाटी गेली. चेंडू उडाला, जाळ्यावरून जेमतेम गेला, थेट चौदा नंबरकडे. ती वाकली नाही. चेंडू बाहेर. पॉइंट लेकीचा!

"गेनाऊ! बरोब्बर!" काका असे ओरडले की गेर्लिंगेनमधली कायद्यानं पाळायची रविवारची शांतता त्या दिवसापुरती संपलीच.

"खोटं दाबलंत हो आयुष्यात पहिल्यांदा," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

काकांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "खोटं कुठे? आत्ता मी इथे आहे का, तूच सांग."

खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडूचा दांडा तीनदा हाणला. तेही काकांना ऐकू आलं नाही.