विमानाचा चौथा सिलिंडर

आमच्या इमारतीत बातमी अशी पसरली की, दुसऱ्या मजल्यावरच्या फोरमननी बायको जाऊन वर्ष व्हायच्या आत विमान घेतलं. यात माझा हात नव्हता असं मी म्हणणार नाही. मी फक्त ‘बघताहेत’ म्हणाले होते. तळमजल्यावर पोचेपर्यंत त्याचं ‘घेतलं’ झालं. खरं एवढंच की विमान घेणार होते त्यांची लेक आणि जावई. तेही जुनं, चार जणांचं. फोरमननी ते फक्त तपासून द्यायचं होतं.

लहान विमानांच्या दुरुस्तीत त्यांची चौतीस वर्षं गेली. कान असा की जिन्यातून जाताना पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय हे सांगायचे, आणि दोन दिवसांनी पंप बंद पडायचा. इंजिनावर तळवा टेकवला की आतलं सगळं सांगत. त्यांची बायको म्हणायची, “यांना माझा सोडून सगळ्यांचा आवाज ऐकू येतो.”

ती गेली. त्यानंतर एकदा पंप तीन दिवस किंचाळत होता आणि हे पावाची पिशवी घेऊन त्याच्या शेजारून ये-जा करत होते. मी विचारलं, “फोरमन, पंप ऐकलात का?” म्हणाले, “हो. चालू आहे.” तेव्हा मला जरा धसका बसला. खात्री करायला म्हणून मी मूठभर मीठ जास्त घालून भाजी पाठवली. वाटी घासून परत आली. “छान होती,” म्हणाले. रडले असते, माझ्यावर ओरडले असते, तर मी कुणाला काही सांगितलं नसतं.

अशा माणसानं विमान तपासायचं. लेक-जावई दोघंही सुट्टीच्या दिवशी हौसेनं लहान विमानं उडवतात. दोन वर्षं विमान शोधत होते. मनासारखं एक मिळालं आणि दुसरं गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. लेक मला जिन्यात म्हणाली, “काकू, आई गेल्यापासून बाबा सगळ्यालाच नको म्हणतात. गादी बदलू? नको. माझ्याकडे येता? नको. यालाही नकोच म्हणतील. या वेळी मी ऐकणार नाही. घेणार आणि उडणार.”

मीही बरोबर गेले. विमान बघायचं होतं आणि भांडण व्हायची शक्यता होती. दोन्ही फुकट.

विकणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर. एक फेरी मारून इंजिन गरम करून ठेवलं होतं, कारण ही तपासणी गरम इंजिनावरच होते. “चारही सिलिंडर दुरुस्त करून घेतलेत,” ते म्हणाले. “नव्यासारखेच समजा.”

जावई इंजिनाची नोंदवही दाखवत म्हणाला, “बाबा, चारही शून्य तासांचे आहेत.”

“शून्य कुठून मोजलं?”

“म्हणजे?”

“दुरुस्तीनंतरचं शून्य आहे हे. नव्या सिलिंडरचं शून्य खरं. दुरुस्त केलेल्याचं नळकांडं आतून घासतात, झडपा नव्या घालतात; वरचं डोकं मात्र जुनंच राहतं. ते किती तास तापलं आणि निवलं, ते लिहिलेलं पाहिजे.”

“ते कुणाकडेच नसतं हो,” डॉक्टर हसले. “मी तरी कवळी बसवताना माणसानं आयुष्यभर काय चावलं ते विचारतो का?”

“तिघांचं आहे इथे,” फोरमन पानं उलटत म्हणाले. “पहिले तीन बरे आहेत. नवेच पाहिजेत असं काही नाही. चौथ्याचं पान नाही.”

लेकीनं माझ्याकडे बघितलं. झालं सुरू, असं तिला म्हणायचं होतं.

मग तपासणी. सिलिंडरमध्ये नळीनं हवा सोडायची आणि किती टिकते ते दाबाच्या घड्याळावर बघायचं. जावईबापूंनी समोरचा पंखा दोन्ही हातांनी धरून ठेवला, कारण हवेच्या जोरानं तो फिरला तर डोकं फोडतो. लेक आपल्या वहीत आकडे लिहीत होती. ऐंशीच्या दाबानं हवा सोडली की उरायचे चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. चौथ्याला एकाहत्तर.

“एकाहत्तर म्हणजे उत्तम,” डॉक्टर म्हणाले.

“हो, उत्तम,” फोरमन म्हणाले.

लेकीनं वही मिटली. तेवढ्यात फोरमननी चौथ्याच्या, एव्हाना कोमट झालेल्या डोक्यावर तळवा टेकवला आणि उभे राहिले. बराच वेळ. पूर्वी एवढ्या वेळात त्यांनी अख्खं इंजिन वाचून दाखवलं असतं. मग हात काढला, त्याच्याकडे बघितलं, फडक्याला पुसला आणि म्हणाले, “साबणाचं पाणी मिळेल का?”

“आकडा आला ना बाबा,” लेक म्हणाली. आवाज चढला होता. “तुम्हाला काय वाटतंय ते एकदा सांगा. भीती वाटते का? तसं म्हणा ना.”

“पाणी मिळेल का?” त्यांनी डॉक्टरांना परत विचारलं.

फवाऱ्याची बाटली आली ती माझ्या हातात. त्यांनी दाखवलं तिथे मी मारत गेले. काही नाही. आणखी मारलं, तरी काही नाही. डॉक्टर किल्ल्या वाजवायला लागले. मग ठिणगीच्या प्लगजवळ, सिलिंडर निववणाऱ्या दोन पात्यांच्या मधे, एक बुडबुडा आला. फुटला. तिथेच दुसरा. तिसरा.

“चीर आहे,” फोरमन म्हणाले. ‘आज मंगळवार आहे’ म्हणावं तसं.

नळीतली हवा त्यांनी सोडून दिल्यावर जावयानं पंखा सोडला. जवळ येऊन बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाला, “चौथा नवा बसवून द्या. कोरा, कागदांसकट. तरच घेऊ.” डॉक्टरांनी किल्ल्या खिशात टाकल्या. सोमवारच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यांनी काढलं नाही. “बसवतो,” म्हणाले.

लेक बापाजवळ गेली. त्यांचा हात धरला, तोच, इंजिनावर टेकवलेला.

“तुम्हाला आधीच कळलं होतं ना बाबा? हाताला लागलं होतं ना?”

तिला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. हो म्हणा की, असं मी मागून डोळ्यांनी खुणावलं. इमारतीलाही मी तेच सांगितलं असतं, की फोरमनचा हात परत आला.

फोरमन म्हणाले, “नाही गं. हाताला काही लागलं नाही. म्हणून तर साबण मागितला.”