दुखत होती जांघ, सांगितला गुडघा

काल गावच्या यात्रेत कबड्डी खेळून आलो आणि अजून अंगातली धाव थांबलेली नाही. चहा उभ्यानंच प्यालो.

आमचं गाव बिडकीनच्या पुढं. तिथं पोरांच्या सामन्यांआधी चाळिशी ओलांडलेल्यांचा एक डाव होतो, शेजारच्या गावाविरुद्ध. नोकरीसाठी शहरात, मुकुंदवाडीत राहायला आलो तरी तो डाव मी कधी सोडला नाही. यंदा सुटणार अशी वेळ आली होती, आणि ती मीच आणली होती.

कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर सराव करत होतो. चढाईत बोनस रेषेकडं उजवा पाय लांबवला, डावा मागं राहिला आणि डाव्या जांघेत, अगदी आतल्या बाजूला, सणकन काहीतरी ताणलं. लंगडत घरी आलो. बैठकीत बायको आणि तिची आई शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अहो, काय झालं?"

सासूबाईंसमोर जांघ हा शब्द माझ्या तोंडातून निघेना.

"गुडघा," मी म्हणालो.

झालं. सासूबाईंनी निरगुडीचा पाला आणवला. बायको रोज जेवणं आवरली की कोमट तेल घेऊन माझ्या गुडघ्यापाशी बसायची. दिवसभर राबलेले तिचे हात एका धडधाकट गुडघ्यावर फिरायचे आणि मी डोळे मिटून म्हणायचो, "हं, तिथंच." सासूबाई गावी गेल्या, तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. पण आता इतकं तेल जिरल्यावर कोणत्या तोंडानं सांगू? हे लिहितानाही मान खाली जाते.

आणि दार लावून मी भलतंच करत होतो. नस मोकळी होईल म्हणून पाय फाकवून ताण द्यायचो. दुखणं वाढतच गेलं. मोजा घालताना, रिक्षातून उतरताना, कुशीवर वळताना, शिंकतानासुद्धा कळ यायची. त्यात चुलतभावाचा फोन, "दादा, चढाईला तूच पाहिजे. नाय म्हणायचं नाय बरं का!"

शेवटी बायकोनंच मला फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांकडं नेलं. माझ्या पुतणीच्या वयाची मुलगी. तिच्यासमोर तर मी आणखीच घट्ट धरला, गुडघाच! तिनं तो वाकवला, वळवला, दाबला.

"काका, हा गुडघा लई भारी आहे. आता खरं कुठं दुखतं ते सांगा."

मी पुन्हा गुडघ्यावरच बोट ठेवलं. तिनं मला उताणं झोपवलं, दोन्ही गुडघ्यांमध्ये स्वतःची मूठ ठेवली आणि म्हणाली, "दाबा." मी दाबलं आणि ओरडलोच. हात आपोआप जांघेवर गेला.

बायको माझ्याकडं बघतच राहिली. "म्हणजे इतके दिवस मी तेल कशाला चोळत होते?"

"तुझी आई होती ना समोर…"

"आई केव्हाच गेली गावाला!" ती चिडली होती, पण बोलता बोलता तिला हसू फुटलं, आणि ती डॉक्टरीण तर तोंड फिरवून हसत होती.

मांडी आत ओढणाऱ्या स्नायूचा कंडरा, म्हणजे तो हाडाला जोडणारा दोर, दुखावला होता. ताण देणं एकदम बंद. त्याऐवजी गुडघ्यांमध्ये फुटबॉल धरून हळूहळू दाबायचा. "थोडं दुखलं तर चालेल," ती म्हणाली, "पण दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर एक पायरी मागं यायचं."

मग टीव्हीसमोर फुटबॉल दाबत बसणं सुरू झालं. बायको मधूनच स्वतःची मूठ घालून माझा जोर तपासायची. पुढं पायाला रबरी पट्टा लावून आडवं चालणं आलं, मग हलकं पळणं. एका सकाळी मोजा घातला आणि लक्षात आलं, कळच आली नाही! मी एका पायात मोजा घालून स्वयंपाकघरात धावलो. शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "खेळा. पण पाय लांबवून बोनस घ्यायला जायचं नाही."

काल मैदानात उतरलो. बायको बायकांच्या घोळक्यात पुढंच बसली होती. माझी चढाई आली. कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरलो. समोरचा गडी जरा मागं सरकला आणि बोनस रेषा मोकळी दिसली. फक्त उजवा पाय टाकायचा होता. चुलतभाऊ ओरडला, "दादा, घे! घे!"

तेवढ्यात घोळक्यातून बायकोचा खणखणीत आवाज आला, "अहो, गुडघा सांभाळा!"

मला इतकं हसू आलं की दम सुटायच्या आत मी कसाबसा मध्यरेषेवर परतलो. गुण नाही. चुलतभावानं कपाळाला हात लावला. मी पुढचा सगळा डाव खेळलो, एक पकडही केली, आणि डाव आम्ही थोडक्यात हरलो.

आज सकाळी जाग आल्यावर आधी कूस बदलून पाहिली, कळ आली नाही. मग फुटबॉल घेतला आणि बायकोला हाक मारली, "अगं, ये, मूठ घाल."