धुतलेली बॅग

ओली गोधडी अंगावर ओढून तुम्ही कधी थंडीतली रात्र काढली आहे का? नाही ना? मग 'या लोकांना शिस्तच नसते' हे वाक्य तोंडातून काढायच्या आधी मार्लिस कोस्केलाची गोष्ट ऐकून घ्या.

मार्लिस आमच्या गावात शाळेची बस चालवते. अमेरिकेत, मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, लोखंडाच्या खाणीभोवती वसलेलं गाव. खाण बंद पडली, माणसं तेवढी मागे राहिली. नवरा व्हर्न गेल्यावर चर्चच्या पोरांचा गट तिने अंगावर घेतला. वसंतात, तळ्यावर अजून बर्फ असतानाच, ती त्यांना रानात तंबूत राहायला नेते. जीभ तिखट. सुती कपडा दिसला की डोकंच फिरतं. "सुती भिजलं की वाळत नाही, आणि ओलं कापड माणसाला खातं," हे तिचं पालुपद.

निघायच्या आधीच्या बुधवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांनी आपापलं सामान जमिनीवर ओतायचं, ही तिची पद्धत. मग ती ढिगाढिगातून फिरते. जीनची पँट दिसली की भिरकावते. आणि प्रत्येक स्लीपिंग बॅगेत नाक खुपसून हुंगते. कुबट वास आला की बॅग बाद.

"हे काय रे, ट्रिग?" तिने एका ढिगातून केस वाळवायचं यंत्र उचललं.

"मोजे वाळवायला, मिस मार्लिस."

"आणि वायर कुठे खुपसणार? अस्वलाच्या ढुंगणात?"

तळघर हसलं. पुढचा ढीग डेसी हौटलाचा. चौदा वर्षांची, अंगाने काटकुळी. बसमध्ये रोज पुढच्या सीटवर बसायची आणि हिवाळाभर एकच विचारायची, तंबू कधी, शेकोटी कधी. तिच्या ढिगात सगळं लोकरीचं, जुनं पण नीट रफू केलेलं. फक्त स्लीपिंग बॅग नव्हती.

"व्हर्नची बॅग कुठाय?" मार्लिसने विचारलं. नवऱ्याची हंसाच्या पिसांची बॅग तिने शरद ऋतूतल्या मुक्कामाला डेसीला दिली होती. गटातली सगळ्यात ऊबदार बॅग ती.

"घरी आहे."

"घरी अंडी उबवतेय का? मुक्काम झाला की परत आणायची ठरलं होतं."

"विसरले."

"हिवाळाभर विसरलीस?"

"विकून खाल्ली असेल," ट्रिग म्हणाला. पुन्हा हशा.

हा हशा मार्लिसने तिथेच ठेचायला हवा होता. नाही ठेचला. उलट म्हणाली, "शुक्रवारी बॅग नाही, तर तूही नाही. आणि मी हुंगणार आहे, लक्षात ठेव."

शुक्रवारी दुपारी डेसी सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. पाठीवर सामान, हातात कचऱ्याची काळी पिशवी. मार्लिसने ती उचलली आणि हातच खाली गेला. दगडासारखी जड.

आतून ओली बॅग निघाली. तिने दाबून पाहिली. पिसांचे गोळे झाले होते. शिवण दोन ठिकाणी उसवलेली, त्यातून ओली पिसं लोंबत होती.

"काय केलंस हे?"

"धुतली. बाथटबमध्ये. भांड्यांच्या साबणाने." डेसी घाईघाईने म्हणाली, "आता वास नाही येत, हुंगा ना. बसच्या हीटरवर वाळेल, नाही का?"

"पिसांची बॅग अशी धुतात का, मूर्ख पोरी? मेली ती! व्हर्नची होती!"

मार्लिसने एक मोठा श्वास घेतला, बसमध्ये गेली, स्वतःची बॅग आणून तिच्या हातात कोंबली. "घे. मी घोंगड्यांत भागवीन. चढ."

डेसी चढली नाही. "ही मी घरी नेऊ?"

"घरी? बस निघतेय आत्ता!"

"आम्ही तिघं ती धुतलेली बॅगच पांघरायचो. चेन उघडून. आई, मी, मधे धाकटा रेमी. तो एकदा त्यात मुतला. वर रॉकेलच्या शेगडीचा वास. तुम्ही हुंगाल म्हणून धुतली. आज रेमीच्या अंगावर काय घालू?"

"घरातला हीटर?"

"हीटरच्या गॅसची टाकी नाताळाआधीच संपली. थोडका गॅस आणून देत नाही गॅसवाला. भरायची तर पूर्ण टाकी भरा म्हणतो."

मार्लिस हिवाळाभर रोज सकाळी त्याच दारापुढे बस थांबवायची. ओळीतल्या प्रत्येक घराच्या धुराड्यातून वाफ यायची. हौटलांच्या नाही. दिसत होतं. तिलाही, मागे बसलेल्या सगळ्यांनाही. पण मोज्यांचा कपडा तपासणाऱ्या बाईने धुराड्याकडे कशाला बघावं?

"ने," ती म्हणाली. डेसी बॅग छातीशी धरून बर्फाच्या चिखलातून घरी गेली. ज्या शेकोटीसाठी तिने हिवाळा काढला, ती दुसऱ्यांनी पेटवली. मार्लिस दोन्ही रात्री घोंगड्यांत कुडकुडत जागी होती, आणि रेमीचं नाव घेऊन स्वतःला शिव्या देत होती.

सोमवारी सकाळी तिने हौटलांच्या दारात बस थांबवली. हॉर्न वाजवला. कुणी आलं नाही. शेजारीण खिडकीतून ओरडली, "गेले ते! शनिवारीच, गाडीत सामान कोंबून." कुठे गेले ते तिलाही माहीत नव्हतं.

पायरीवर मार्लिसची बॅग ठेवलेली होती. तिने शिकवल्याप्रमाणे घट्ट गुंडाळून, दोरीने बांधून.

तिने दोरी सोडली आणि आत नाक खुपसलं. तिच्याच कपाटाचा वास. रॉकेलचा नाही, पोराच्या मुताचा नाही, माणसाच्या अंगाचा नाही. पोरीने ती उघडलीच नव्हती. वास न लागता परत द्यायची होती ना.

मार्लिस अजून बस चालवते. त्या दारापुढे आता थांबा नाही.

तुमच्या माळ्यावर बासनात बांधलेली एखादी जाड रजई असेलच. ती आज खाली काढा, ज्याच्या घरात थंडी आहे त्याच्या अंगावर घाला, आणि मेहेरबानी करून ती परत मागू नका.