मे महिन्याचे युनिट

वर्ष झालं, माझी बायको आमच्या छतावर आलेली नाही. ती पुन्हा येईल का, एवढाच प्रश्न सध्या माझ्या डोक्यात आहे, आणि त्याला कारण मीच आहे.

आर्वीला आमचं साधं घर. मी शाळेत गणित शिकवायचो. निवृत्त झाल्यावर डिसेंबरात छतावर सोलर बसवून घेतलं, अन् तेव्हापासून मोबाइल हातातून सुटेना. आज किती युनिट वीज तयार झाली ते रोज संध्याकाळी त्यात बघायचं आणि बायकोला ऐकवायचं. थंडीत अकरा व्हायचे, मार्चमध्ये चौदावर गेले. मनात म्हटलं, आता आमचा मे येऊ द्या, मग बघा. इथल्या उन्हाला जन्मभर शिव्या घातल्या होत्या, पहिल्यांदाच त्याची वाट पाहत होतो.

मे आला. अंगणात पाऊल ठेववत नव्हतं, आणि युनिट बारा. माझं डोकंच फिरलं. एवढं ऊन जातं कुठं?

त्याच आठवड्यात बायकोने कुरड्या काढल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, पहाटे चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत गल्लीतल्या चारपाच जणींनी मिळून छतावर कुरड्या घालायच्या, हे आमच्याकडे दर उन्हाळ्याचं. बसायला सावली हवी म्हणून तिनं दोन पॅनलच्या मधे जुनं लुगडं बांधलं होतं. त्याची हातभर सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली मला दिसली. झालं. मला वाटलं, चोर सापडला.

मी लुगडं ओढून काढलं. "इथं काय बाजार भरवला का? उद्यापासून कोणी वर यायचं नाई," असा ओरडलो. तेवढ्यानं भागलं नाही. खाली अंथरलेल्या साडीवर निम्म्या कुरड्या घालून झाल्या होत्या, ओल्याच होत्या. ती साडी मी चारी कोपरे धरून गुंडाळली आणि जिन्याशी नेऊन टाकली. सगळ्यांचा लगदा झाला. बायका गुपचूप उठून गेल्या. बायको मात्र सोऱ्या हातात धरून तशीच बसली होती. मला वाटलं, भांडेल. पण ती उठली. उरलेला चीक तिनं शेजारच्या गाईपुढे नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी युनिट बारा. तिसऱ्या दिवशी साडेअकरा. सावली नव्हती, बायका नव्हत्या, काहीच नव्हतं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं, कबूल करायची हिंमत झाली नाही.

जूनमध्ये पॅनल बसवणारा माणूस पाहणीला आला. मी तक्रार केली तर हसला. "सर, पॅनलले उजेड लागते, तापणं नाई. लय तापलं का ते कमी देते. वरून ही धूळ. मे महिन्यात सगळीकडे असंच होऊन राह्यते."

"अन् सकाळी घडीभर कोपऱ्यावर सावली पडली तर?"

"त्यानं असा किती फरक पडन?"

बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. तो गेल्यावर मी म्हणालो, "माझं चुकलं. चल, वर चल." तिनं बाहेर भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं. "आता कुठं ऊन राह्यलं," म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पावसाळ्यात युनिट चारपाचवर आले, झडीत तर दोनवरही. मी तिला ते सांगायला गेलो नाही. लाज वाटायची.

यंदा एप्रिलमध्ये मी स्वतः निवडून गहू आणले. तिनं भिजवले तेव्हा मला हायसं वाटलं. चीक शिजवायच्या दिवशी पहाटेच छत धुतलं, सावलीला चादर बांधली आणि वाट बघत बसलो. बराच वेळ कोणी येईना. मग हसण्याचा आवाज आला. समोरच्या छतावर आमच्या घरचं पातेलं होतं, त्याच बायका होत्या, आणि मधे ती बसली होती.

मी कठड्याशी जाऊन म्हणालो, "अगं, इकडे ये ना. मी सगळं मांडून ठेवलं आहे."

तिनं मान वर केली. "तुमच्या छतावर मी काऊन येऊ?"

रागानं म्हणाली असती तर मी समजूत घातली असती. तिनं ते साधेपणानं विचारलं, आणि पुन्हा सोऱ्या फिरवू लागली.