चंदनाच्या साबणाचा कागद

आमच्या जुन्या जाहिरातींच्या संग्रहात येणारा प्रत्येक माणूस कागद डोळ्यांशी नेतो. परवा आलेल्या बाईंनी मात्र चंदनाच्या साबणाचा कागद थेट नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

साठीच्या असतील. त्यांची आई असले कागद लुगड्यांच्या घड्यांत ठेवायची. आई गेली, लुगडी वाटली गेली. आता तो वास तेवढा एकदा घ्यायचा होता.

आम्ही हौशी, बिनपगारी मंडळी. पण राखण अशी कडक, की इथे शिंकायचंसुद्धा बाहेर जाऊन. नाहीतर पणजोबांच्या काळातली हँडबिलं उडून थेट कोल्हापुरात उतरायची! कागद खाणारी कसर तर म्हणे आमच्या गल्लीतूनही जात नाही.

बाईंनी डोळे उघडले. "अहो, ह्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय!"

"येणारच! पोत्यानं घालतो आम्ही," आमच्यातले नाना फुशारकीनं म्हणाले. "हा कागद प्रलयातही टिकेल, ताई."

"टिकेल हो," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद हळूच टेबलावर ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या.

मग मी कपाटातला एकेक कागद हुंगून पाहिला. गुलाब, मोगरा, वाळा. चित्रं कशी, कालच छापल्यासारखी! वास मात्र सगळ्यांना एकच. लोक कागद बघायलाच येतात, असं आम्ही धरून चाललो होतो.

नाना गोळ्यांची नवी पुडी फोडत होते. मी त्यांना थांबवलं नाही. निदान कागद तरी राहू दे.