एल्सी सिस्टर आणि पोटावरचं फडकं

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मला काहीही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेली माझी. अंगात आलेली बाईसुद्धा तिकीट मागितलं की चटकन भानावर येते, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे या ग्रुपवरचे असले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. आज स्वतःच लिहायला बसलेय, तर हसा खुशाल.

मी जळगावची, पण नोकरीतली बरीच वर्षं धुळ्याला काढली. तिथल्याच एका मिशन दवाखान्यात (नाव देत नाही) माझी मनीषा जन्मली. एकुलती एक. बाळंतपण केलं एल्सी सिस्टरांनी. सिस्टर म्हणजे केरळच्या नन. ऐन विशीत इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. आणि गंमत म्हणजे मराठीच्या आधी अहिराणी शिकल्या! कळा सुरू झाल्यावर बाई काय पुस्तकी मराठीत ओरडते थोडीच?

सिस्टरांची एक रीत होती. बाळ झालं की बाकी सगळ्या बाळाकडे धावायच्या. मुलगा का मुलगी, कुणावर गेलंय, नाक कुणाचं... सिस्टर मात्र स्टूल ओढून बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून बसायच्या. गर्भपिशवी आवळून घट्ट झाली का, रक्त जास्त तर जात नाही ना, ते हातानेच बघायचं. सैल लागली की चोळायची. आणि तो हात निघेपर्यंत पोट बांधायचं नाही म्हणजे नाही.

आमच्याकडे तर बाळ बाहेर आलं रे आलं की पोटाला फडकं आवळतात. पोट सुटू नये, वारा शिरू नये म्हणून. माझ्या सासूबाईंनी सिस्टरांची पाठ वळल्यावर गुपचूप लुगडं गुंडाळलं, तर सिस्टरांनी कात्री आणून टर्रकन कापलं. नवं कोरं लुगडं! "त्या किरिस्ताव बाईनी मनं लुगडं फाडं," हे सासूबाई जाईपर्यंत ऐकवत होत्या.

माझी आई मी लहान असतानाच गेली. बाळंतपणात सिस्टरांनी मला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, रडले तेव्हा रागावल्या. तेव्हापासून मला माहेर म्हणजे त्या. धर्मबिर्म कधी मध्ये आला नाही. त्या त्यांची माळ जपायच्या, मी माझे उपास करायचे. ड्युटी संपली की चक्कर मारायची, कळण्याची भाकरी द्यायची, दोन बोलणी खायची आणि घरी यायचं.

आता सिस्टर फार थकल्यात. विसरत विसरत सगळंच विसरल्या. दवाखान्याच्या मागे म्हाताऱ्या नन्सच्या खोल्या आहेत, तिथे असतात. रिटायर झाल्यावर मी जळगावला आले, तरी जमेल तशी जाते. मला ओळखत नाहीत. पलंगावर बसून दिवसभर बाळंतपणं करतात! उशी दाबायची, चोळायची, "पानी आन", "जोर लाव माय, उनं, उनं" (आलं, आलं) असं चालू. त्यांना सांभाळणाऱ्या रीमा सिस्टर तरुण आहेत, गोड आहेत. त्या म्हणतात, "मावशी, वाद घालू नका, हो म्हणा." मग आम्ही हो म्हणतो. पाणी आणलं म्हणतो, मुलगी झाली म्हणतो. त्याही खूश.

मनीषा यावलला दिलेली. पहिलं बाळंतपण माझ्याकडे झालं, म्हणून दुसरं सासरी ठरलं. तारखेला अजून बराच अवकाश होता. म्हटलं एकदा जबाबदारी अंगावर पडली की धुळ्याला जाणं व्हायचं नाही, आधी सिस्टरांना भेटून येऊ. असोद्याच्या वांग्यांचं भरीत केलं, डबा घेतला आणि निघाले.

दुपारची वेळ. सिस्टरांना दोन घास भरवले. रीमा सिस्टर खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नेहमीसारखी उशी पुढ्यात आली, चोळणं सुरू झालं. मधेच सिस्टर थांबल्या. म्हणाल्या, "फडकं सोड."

"सोडलं सिस्टर," मी म्हटलं, नेहमीसारखंच.

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात इतका जोर असेल असं वाटलंच नव्हतं मला. "खोटं बोलू नको. तुनी मनीषाना पोटले फडकं बांधेल शे. रगत जाई ऱ्हायनं. सोड वं माय, सोड!"

मनीषा. हे नाव त्यांच्या तोंडून कधीचं ऐकलं नव्हतं. माझंच नाव त्यांना आठवत नाही! रीमा सिस्टरांच्या हातातली घडी तशीच राहिली. आणि मी... खरं सांगते, मला राग आला. लेक पोटुशी असताना असलं अभद्र कशाला बोलावं? पण तिथे बसवेना. मनीषाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. मग विहीणबाईंना लावला.

"अहो, तुम्हालाच लावणार होते!" त्या आनंदाने म्हणाल्या. "सकाळी एकदम कळा आल्या, दवाखान्यात आणलं. मुलगी झाली! तुम्ही प्रवासात, उगाच घोर नको म्हणून म्हटलं, मोकळी झाली की कळवू."

"मनीषा कशी आहे?"

"थकलीये बिचारी, झोपलीये. गोधडी घातलीये अंगावर."

"पोट बांधलंय का?"

"हो तर. मीच बांधलं, चांगलं घट्ट. नर्सबाई दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या तेवढ्यात उरकलं, नाहीतर त्या करू देत नाहीत..."

"सोडा. आत्ताच्या आत्ता सोडा. गोधडी काढा आधी!"

"विहीणबाई, भलत्या वेळेला काय बोलता..."

मी ओरडले. भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज आहे माझा, तो सगळा लावला. पलीकडे गोधडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग विहीणबाई किंचाळल्या, "अगं माय वं! डॉक्टर! डॉक्टरांना बोलवा कुणीतरी!" फोन बंद झाला.

मधला काळ मी लिहू शकत नाही. रीमा सिस्टर माझा हात धरून बसल्या होत्या. एल्सी सिस्टर उशी चोळत होत्या, थांबायला तयार नव्हत्या. कपाळावर घाम. जावयांचा फोन आला तेव्हा कुठे कळलं: इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं, जळगावला हलवताहेत, पण धोका टळलाय. सगळं रक्त त्या फडक्यात आणि गोधडीत मुरत होतं, वरून काही दिसत नव्हतं. सगळ्यांना वाटलं, पोर दमून झोपलीये. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही हाती लागलं नसतं. मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. वळून पाहिलं तर सिस्टर शांत झोपल्या होत्या.

जावई शिकलेले आहेत. ते म्हणतात, सिस्टर रोजच तसं बडबडतात, योगायोग. असेल बाबा. पण बाळंतपण झालं हे मलाच माहीत नव्हतं, तिथे खोलीत बसलेल्या सिस्टरांना कुणी सांगितलं? नाव कसं आठवलं? रीमा सिस्टरांना विचारलं तर त्या नुसत्या क्रूसाची खूण करतात. विहीणबाई तर त्या दिवसापासून माझ्याकडेच जरा घाबरून बघतात!

शेवटी ठरवलं, सिस्टरांनाच विचारायचं. मनीषा नातीला घेऊन माझ्याकडे आली, जरा सावरली, विहीणबाई सोबतीला होत्या, तेव्हा धुळ्याला गेले. पलंगाशी बसून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हटलं, "सिस्टर, माझी मनीषा वाचली. तुमच्यामुळे वाचली. तुम्हाला कसं कळलं हो?"

"कोन मनीषा?"

मला हुंदकाच फुटला. जिचे पाय धरायचे, तिला आपण काय केलं ते ठाऊकच नाही. रडत रडत म्हटलं, "माझी लेक, सिस्टर. बाळंतीण आहे. घरी आहे."

तशा एकदम ताठ बसल्या. डोळे मोठे करून, थेट जुन्यासारख्या माझ्यावर खेकसल्या, "बाळंतीण घर शे, आन तू आठे कसाले उनी? जाय! तिनाजवळ बस."

मी उठले आणि जळगावची गाडी धरली.