घट्ट पाणी

कुंडलिकाचे हात कोपरापर्यंत तांबडे. जेऊरहून सोलापुरात आल्यापासून तो सिद्धलिंगप्पांच्या डाईंगमध्ये चादरीच्या सुताच्या लडी रंगवतोय. त्याच्या हातची लड धुवून धुवून विरेल, पण रंग सोडायची नाही. लेकीच्या लग्नात तो वाढायला उभा राहिला, तर व्याही म्हणाले, "मेंदी नवरीला काढली का तुमाला?"

उरलेलं पाणी नाल्यात जायचं, अन् नाला त्याच्याच वस्तीवरून. बजाबाई, त्याची बायको, ऐकवायची, "तुमच्या पाण्याला शेळीबी तोंड लावंना."

यंदा प्रदूषण मंडळाची नोटीस आली. पाण्यातला रंग गेला नाही तर कारखान्याला कुलूप. कुंडलिकाला घोर लागला. असल्या हाताच्या माणसाला दुसरीकडं कोण उभं करणार?

मग मालकांनी कॉलेजातल्या उत्कर्षाबाईंना बोलावलं. त्यांनी काचेची उभी नळी मांडली, तारा जोडल्या. "काका, आपण पाण्यात वीज पाडणार. तिच्या ठिणग्यांनी रंगाचा कण न् कण फुटतो. उद्या मंडळाच्या साहेबांसमोर मला लडींच्या शेवटच्या धुण्याचं पाणी द्या."

कुंडलिकानं मान डोलावली. पण धुण्याचं पाणी म्हणजे फिकट गुलाबी, सरबतासारखं. तपासायला साहेब येणार, अन् त्यांच्या पुढ्यात हे ठेवायचं? पाहुण्याला कुणी पातळ कालवण वाढतं का? दुसऱ्या दिवशी त्यानं थेट रंगाच्या हौदातलं गडद पाणी बादलीभर आणून नळीत ओतलं.

साहेबांसमोर बाईंनी बटण दाबलं. नळीत काहीतरी फुरफुरलं अन् विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"बाई, आमच्या देवघरातली समई बरी की," सिद्धलिंगप्पा म्हणाले. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

बाईंनी पाण्यात मीटर बुडवला. "एवढं मीठ कुठून आलं? खारट पाण्यात वीज नुसती पसरते, ठिणगी धरतच नाही."

सुतानं रंग धरावा म्हणून हौदात पोतं पोतं मीठ कुंडलिकच तर ओततो. गप बसावं, तर खापर यंत्रावर फुटणार अन् कुलूप दाराला लागणार.

"बाई, म्या हौदातलं आणलं," तो म्हणाला. "धुण्याचं लई पातळ दिसलं. सायबाम्होरं लाज वाटली."

सिद्धलिंगप्पांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मात्र टोपण परत लावलं. "आणा तुमचं पातळ."

या खेपेला नळीत जांभळे धागे तडतडू लागले. वीज कोसळून गेल्यावर येतो तसा वास सुटला. चहा आला, पिऊन झाला, तोवर गुलाबी रंग फिका होत होत निघूनच गेला. जन्मभर रंग धरायला लावणारा कुंडलिक तो सुटताना बघत राहिला. त्याला बरंही वाटलं अन् कसंतरीही.

"रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही," बाई म्हणाल्या. "ते तपासावं लागेल."

"अन् हौदातल्या घट्ट पाण्याचं?"

"त्याला अजून वाट सापडायची आहे, काका. तोवर वेगळं साठवा."

साहेबांनी नमुना बाटलीत भरून घेतला. तपासणी होईस्तोवर कुलूप लागणार नव्हतं, पण घट्ट पाण्याचा थेंबही नाल्यात जाता कामा नये.

"ते तुझ्याकडं रे," सिद्धलिंगप्पा म्हणाले. "अन् आता पाहुणचार पुरे."

संध्याकाळी कुंडलिक जेवायला बसला. बजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "मग शेळीला पाजू का ते पाणी?"

"न्हाय. आदी तपासू दे की."

तिनं पातेल्यात पळी फिरवली. "कालवण घट्ट झालंय. पाणी घालू?"

"घाल," कुंडलिक म्हणाला. "आज पातळच वाढ."